पुसलेला पर्याय जातो कुठे?

(जव्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर शिक्षक मंडळी आहेत, कॉलेजची मुलंमुली आहेत, आणि मागच्या रांगेत मोखाड्याहून आलेले काहीजण आहेत, ज्यांचं अर्धं लक्ष शेवटच्या एसटीकडे आहे. तेव्हा वेळेत संपवतो.

विषय कळल्यावर संयोजकांनी मला फोनवर दोनदा विचारलं, "सर, नक्की हाच विषय?" माणूस आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवतो आणि सत्तरी ओलांडल्यावर कॉम्प्युटरवरच्या गोष्टींबद्दल बोलायला उभा राहतो, म्हटल्यावर काळजी वाटायचीच. पण हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या नातीनं निवडलाय.

ती नववीत आहे. तिला मी मोखाड्याचा बोहाडा दाखवायला आणलं होतं. पोरगी रात्रभर जागली. संबळाचा ठेका, टेंभ्यांचा उजेड, एकामागून एक येणारी सोंगं. घरी गेल्यावर तिनं त्यावर गोष्ट लिहायला घेतली. कागदावर नव्हे, कॉम्प्युटरवर. वाचणाऱ्यानं मधे मधे निवड करत पुढे जायचं, अशी. पडद्यावर मजकूर येतो: तू बोहाड्याला आली आहेस, आता काय करशील? खाली तीन पर्याय. आजीला विचार, हे सोंग कुणाचं. मुखवट्यांजवळ जा. घरी परत जा.

वाचणाऱ्यानं आजीला विचारलं की आजी उत्तर देते आणि आपण पुन्हा त्या यादीपाशी येतो. पण "आजीला विचार" हा पर्याय तिथंच असतो. पुन्हा दाबला की आजी तेच उत्तर देते. दहा वेळा दाबा, दहा वेळा तेच. नात वैतागून म्हणाली, "आजोबा, माझी आजी पोपट झालीये! एकदा विचारलं की हा पर्याय गायब कसा करायचा?"

मला अर्थातच येत नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. एखादी गोष्ट गायब करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आम्ही दोघांनी मिळून शोधलं. उत्तर अगदी साधं निघालं. प्रत्येक पर्यायामागे कॉम्प्युटरला एक आकडा जपायला सांगायचा. सुरुवातीला शून्य. पर्याय निवडला की एक. आणि अट घालायची: आकडा शून्य असेल तरच पर्याय दाखव. झालं. पर्याय कुठेही जात नाही, तो लिहिलेल्या गोष्टीत जिथल्या तिथं असतो. फक्त वाचणाऱ्याला दिसत नाही.

आता यातली गंमत बघा. लपवण्यासाठी कॉम्प्युटरला आधी लक्षात ठेवावं लागतं. ज्याला काही आठवत नाही, त्याला काही लपवताही येत नाही. म्हणजे पडद्यावरून पुसणं हे विसरणं नव्हे. पुसणं हा लक्षात ठेवण्याचाच एक प्रकार आहे. आज मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळा तिचाच विस्तार.

थोडा इतिहास पाहू. वाचणाऱ्याला निवड करू देणाऱ्या गोष्टी कॉम्प्युटरच्या आधीपासून आहेत. १९३० साली अमेरिकेत डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स या दोन लेखिकांनी "कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस!" नावाचं पुस्तक काढलं. नायिकेनं कुणाशी लग्न करावं हे वाचकानं ठरवायचं आणि सांगितलेल्या ठिकाणी वळायचं. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड पॅकार्ड यांचं "द केव्ह ऑफ टाइम" आलं, "चूज युवर ओन ॲडव्हेंचर" मालिकेतलं पहिलं. तुमच्यातल्या काहींनी लहानपणी ती पुस्तकं वाचली असतील. आणि तुम्ही काय करायचात तेही मला माहीत आहे. आधीच्या पानात बोट ठेवून पुढचं पान उघडायचं. मरण दिसलं की बोटावरून मागे!

कागदाची अडचण हीच. कागदाला पर्याय पुसता येत नाही. पान छापलं की छापलं. १९८२ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी "द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन" लिहिलं, तेव्हा वाचकाच्याच हातात पेन्सिल दिली. किती ताकद उरली, काय सामान जवळ आहे, तूच लिही, तूच खोड. म्हणजे हिशेब वाचकाकडे आणि प्रामाणिकपणाही वाचकाकडेच.

चित्रपटानंही हा खेळ करून पाहिला. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या राडूझ चिंचेरा यांनी "किनोऑटोमॅट" दाखवला. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक हिरवं, एक तांबडं. चित्रपट थांबायचा, निवेदक रंगमंचावर यायचा आणि पुढे काय व्हावं हे प्रेक्षक मतदानानं ठरवायचे. लोक खूश. पण आतली गोष्ट अशी होती की कुठलंही बटण जिंका, दोन्ही वाटा थोड्याच वेळात पुन्हा एकाच प्रसंगाला येऊन मिळायच्या. चेकोस्लोव्हाकियात तेव्हा एकपक्षीय राजवट होती, हे लक्षात घेतलं की हा विनोद जरा बोचतो.

कॉम्प्युटरवर विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास "ॲडव्हेंचर" लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी तो वाढवला. केंटकीमधल्या खऱ्याखुऱ्या गुहेवर बेतलेला. पण त्यात पर्यायांची यादीच नव्हती. वाचणाऱ्यानं आपल्या शब्दांत टंकायचं: उत्तरेला जा, दिवा घे. यादीच नाही, तर गायब काय करणार? आमच्या नातीचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला तो यादी समोर आल्यावर. २००९ मध्ये ख्रिस क्लिमस यांनी "ट्वाइन" हे मोफत साधन काढलं आणि कोड लिहिता न येणारी माणसंही अशा गोष्टी करू लागली. साधारण त्याच काळात "चॉइसस्क्रिप्ट" आली. तिच्यात लेखकाला तीन गोष्टी करता येतात. वापरलेला पर्याय तसाच राहू द्यायचा. किंवा पूर्ण लपवायचा. किंवा फिकट करून ठेवायचा, म्हणजे दिसतो पण दाबता येत नाही.

आणि मग "इंक". केंब्रिजच्या इंकल या कंपनीची लिपी, २०१६ पासून सगळ्यांना खुली. तिच्यात पर्यायाच्या आधी तारका काढली की तो एकदाच मिळतो, वापरला की गेला. अधिकचं चिन्ह काढलं की तो कायम राहतो, कितीही वेळा या. एका चिन्हाचा फरक! नातीनं हीच लिपी घेतली होती आणि तिच्या गोष्टीत सगळीकडे अधिक होतं. मी म्हटलं, "मग सगळीकडे तारका काढ." तिनं काढल्या. आता आजी एकदाच बोलते. फार छान. पण दोन मिनिटांत गोष्ट बंद पडली. आजीला विचारून झालं, मुखवटे बघून झाले, एकदा घरी जाऊन परतही आली, आणि यादी संपली. पुढे काही नाही. बोहाड्याच्या मैदानात ती मुलगी उभीच्या उभी. नात माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.

त्या कोऱ्या पडद्याकडे बघताना मला न्याय-वैशेषिक आठवले. आपल्याकडच्या या नैयायिकांनी "नसणं" हा विषय इतका मन लावून अभ्यासला आहे की विचारू नका. ते म्हणतात, नाही म्हणजे नुसतं नाही नव्हे. मडकं अजून घडायचं आहे, माती चाकावर आहे. हे नसणं म्हणजे प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे, कारण मडकं झालं की तो संपतो. मडकं होतं आणि फुटलं, हा प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. वाऱ्याला रंग नाही. हा अत्यंताभाव, कधी नव्हताच. चौथाही एक आहे, अन्योन्याभाव, म्हणजे मडकं हे कापड नव्हे. त्याचं आज काम नाही.

आता पडद्यावरची रिकामी जागा बघा. तिथं एखादा पर्याय दिसत नाही. का? वेळ आली नाही म्हणून? वापरून झाला म्हणून? की लेखकानं कधी लिहिलाच नाही म्हणून? वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तिन्ही सारखेच, कोरे. फरक फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक, कारण आकडा त्याच्याकडे आहे. आणि नैयायिक आणखी एक सांगतात. काय नाही हे ज्याला माहीत आहे, त्यालाच नसणं दिसतं. मडकं काय असतं हे माहीत नसलेल्या माणसाला "इथं मडकं नाही" असं कधी वाटणारच नाही.

हे मी इथं येऊन का सांगतोय? कारण ज्या जव्हारमध्ये आपण बसलोय, त्याच्या इतिहासात अशा कोऱ्या जागा खूप आहेत.

मुकणे घराण्याची राज्यस्थापनेची कथा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जयबा मुकणे वारली सरदाराकडे गेला आणि बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. जयबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि मोठा मुलूख वेढला. हीच कथा कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही सांगतात, तेव्हा ती घडलेली घटना म्हणून घेऊ नका. पण कथा म्हणून नीट ऐका. त्या सरदारापुढे दोन पर्याय होते, हो आणि नाही. त्यानं एकदा हो म्हटलं आणि "नाही" तिथंच संपलं. आपण सहाशे-सातशे वर्षं जयबाच्या चातुर्याचं कौतुक करतोय. तो सरदार "नाही" म्हणाला असता तर काय, हे कथेत कुठेच नाही. का नाही? कारण कथा सांगणारा दुसऱ्या बाजूचा आहे.

कथेकडून नोंदलेल्या इतिहासाकडे येऊ. शेजारच्या डहाणू, उंबरगाव भागात लग्नगडी नावाची पद्धत होती. वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागायचे. जमीनदार किंवा सावकार द्यायचा. त्या बदल्यात तो तरुण त्याच्याकडे राबायचा, बरोबर त्याची बायकोही राबायची, वर्षानुवर्षं. कर्ज फिटायचं नाही. लग्न करणं ही एक निवड. तिच्याबरोबर बाकीच्या सगळ्या निवडी गेल्या. कुठं राहायचं, कुणाकडे काम करायचं, कधी घरी जायचं. आणि हिशेब कुणाकडे? सावकाराच्या वहीत. राबणाऱ्याला ती वही वाचता येत नव्हती. मघाचा आकडा आठवा. आकडा ज्याच्या हातात, पर्याय दाखवायचा की लपवायचा हेही त्याच्याच हातात.

१९४५ मध्ये किसान सभेच्या लाल झेंड्याखाली वारली एकत्र आले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली. पण "नाही" हा पर्याय, जो कित्येक पिढ्या पडद्यावर नव्हता, तो परत आला. गोदावरीबाईंनी "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय, मुलांनो, वाचा. मघाशी मी म्हणालो की प्रध्वंसाभावाला शेवट नाही. मडक्याच्या बाबतीत ते खरं आहे. माणसांच्या बाबतीत तसंच असेल असं नाही. पुष्कळदा जे कायमचं फुटलं असं आपल्याला सांगितलं जातं, ते कुणीतरी नुसतं लपवलेलं असतं.

इथं खेळ आणि आयुष्य यांच्यातला एक फरक सांगतो. इंकमधली तारका काय करते? घेतलेली वाट पुसते. न घेतलेल्या वाटा तशाच ठेवते. परत आलात की त्या तुमची वाट बघत असतात. आयुष्यात बरोब्बर उलटं. घेतलेली वाट पायाला चिकटते, न घेतलेल्या पुसल्या जातात. इतिहासातही तसंच. १९४७ मध्ये संस्थानिकांपुढे काही पर्याय होते. सामीलनाम्यावर सह्या झाल्या, त्या वेळी फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच केंद्राकडे गेलं. १९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झालं. आज आपल्याला विलीनीकरण तेवढं आठवतं. मधल्या महिन्यांत काय काय शक्य होतं, ते कुणी विचारत नाही. इतिहासकाराचं काम, माझ्या मते, या पुसलेल्या पर्यायांना निदान फिकट का होईना, पुन्हा दिसतं करणं. चॉइसस्क्रिप्टमधल्या त्या फिकट ओळीसारखं. दाबता येणार नाही, पण इथं काहीतरी होतं एवढं कळेल.

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही.

१९७९ साली, म्हणजे तिकडे ते गुहेचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, मी तरुण प्राध्यापक म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर घेऊन मोखाड्याकडच्या एका गावात आलो होतो. तिथल्या गुरुजींनी मला हजेरीपट दाखवला. दिवाळीनंतरच्या पानांवर बरीच नावं तांबड्या शाईनं कापलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "भट्टीवर गेली, सर. आईबापांबरोबर. पाऊस आला की येतील, पण तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. आणि एकदा नाव कमी झालं की मूल परत दारात उभं राहायला लाजतं."

त्याच रात्री गावात माझं भाषण होतं. विषय काय, तर माणसाचं निवडीचं स्वातंत्र्य. मी सार्त्र सांगितला. माणूस पूर्णपणे मोकळा आहे, न निवडणं हीसुद्धा निवडच, वगैरे. समोर एक बाप बसला होता, मांडीवर मुलगा. सकाळी ती मंडळी भिवंडीकडे वीटभट्टीवर निघणार होती. बयाणा घेऊन, खर्चून झाला होता. भाषण झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मुलाला तिकडच्या शाळेत घाला." तो हसला. म्हणाला, "तिकडं कुठली शाळा, सायेब? तिकडं निस्ती माती."

मी खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या नातीनं नंतर केली तीच चूक मी केली होती. यादीत काय काय लिहिलंय ते पाहत होतो, त्या माणसाच्या पडद्यावर त्यातलं काय दिसतंय ते पाहिलं नव्हतं. शाळा हा पर्याय माझ्या लेखी होता. त्याच्या मुलाच्या बाबतीत त्याच्यापुढे तारका होती: एकदा सुटला की सुटला.

याच जिल्ह्यात, पुढे ज्याचा पालघर जिल्हा झाला त्या भागात, हे फार आधी ओळखलेल्या बायका होत्या. वारल्यांचं आंदोलन पेटलं त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात, हे त्यांनी पाहिलं. मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा! मूल कितीही वेळा उठून गुरांमागे गेलं तरी परत आलं की शाळा समोर. माझ्या नातीच्या भाषेत सांगायचं तर ताराबाईंनी तारका खोडली आणि तिथं अधिक लिहिलं.

आज कायदाही तेच म्हणतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं. वर्षाच्या मध्यात आलं तरी प्रवेश नाकारायचा नाही. कागदावर अधिक आहे. पण दिवाळीनंतर इथून कामाला जाणं थांबलेलं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पाऊस लागल्यावर ते मूल पुन्हा दारात आलं, की कायदा काय म्हणतो यापेक्षा दारातले गुरुजी किंवा बाई काय म्हणतात यावर सगळं ठरतं. समोर बसलेल्या शिक्षकांना मी हे मुद्दाम सांगतोय. तुमच्याकडे दोन वह्या असतात. हजेरीपटावरून नाव कमी होतं. जनरल रजिस्टरमध्ये ते राहतं, तिथं खाडाखोड चालत नाही. म्हणजे पडद्यावरून गेलेलं नाव तुमच्या आठवणीत आहे. सावकाराकडेही वही होती. वही लपवायला वापरायची की परत बोलवायला, एवढाच प्रश्न.

नातीच्या गोष्टीचं काय झालं ते सांगून थांबतो. तिनं शेवटी प्रत्येक पर्यायाचा वेगळा विचार केला. मुखवटे पहिल्यांदा बघणं, तिथं तारका. पहिल्यांदा हे एकदाच होतं. घरी परत जाण्याला अधिक. घराची वाट कधी बंद करायची नाही, असं तिचं म्हणणं. यादी अगदीच रिकामी झाली तर आपोआप पुढे नेणारी एक वाटही तिनं ठेवली, म्हणजे कुणी मैदानात अडकून पडणार नाही. इंकमध्ये तशी सोय आहे.

आणि आजी? मी म्हटलं, तारका ठेव, नाहीतर पुन्हा पोपट होईल. ती म्हणाली, "नाही आजोबा. खरी आजी तीच गोष्ट पुन्हा विचारली तरी सांगतेच की. फक्त दर वेळी थोडी वेगळी सांगते." तिनं आजीला अधिक दिलं आणि पाच वेगवेगळी उत्तरं लिहिली. पाचव्या उत्तरात आजी म्हणते, आता तू सांग, मी ऐकते.

एसटीची वेळ झाली.